डाव्या पायात जवस, उजव्या पायात ताग

आश्विन लागला आणि ऊन तापायला लागलं, की आमच्या जुईनगरच्या घरात कपाटं उघडतात. चार महिने दमट हवेत कोंडलेल्या वस्तू गॅलरीत येतात. गाद्या, शाली, छत्र्या आणि माझं चामडं. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येतेच, पण खाडीजवळच्या घरात ती जरा जास्तच मनापासून येते. पर्स, पट्टे, पाकिटं, सगळ्यांवर हिरवट पांढरा थर असतो. मी तो कोरड्या फडक्यानं पुसते, वस्तू सावलीत वाऱ्याला ठेवते आणि मग त्यांना मधमाशीचं मेण चोळते. त्या मेणाचा, बुरशीचा आणि चामड्याचा मिळून जो वास येतो, तो माझ्यापुरता या दिवसांचा वास आहे. लोकांना दसऱ्याच्या सुमारास झेंडू आठवतो. मला हा वास आठवतो, त्याच्यामागून उकळत्या सालीचा वास आणि त्याच्यामागून बाबा.

यंदा त्या वस्तूंमधून चपलांचा एक जोड निघाला. रुंद, बोजड, कुठल्याही दुकानात मिळणार नाही असा. तो मी सगळ्यात शेवटी पुसायचा म्हणून बाजूला ठेवला आहे.

बाबा तळवलीचे. आमच्या गावात तेव्हा थोडी भातशेती, थोडी मासेमारी आणि उरलेल्या वेळात जाळ्यांची डागडुजी, असा माणसांचा दिवस जायचा. पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या, खाडीतली मासळी रोडावत गेली आणि बाबांनी एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. हात मात्र जाळ्याचेच राहिले. कुठेही दोरी दिसली की ते तिला गाठ मारायचे. एकदा माझ्या वेणीच्या रिबिनीला त्यांनी जाळ्याची गाठ मारून मला शाळेत धाडलं होतं. संध्याकाळी आईला ती रिबीन कात्रीनं कापावी लागली.

आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. भावाचं घर गावातच आहे, पण तिसऱ्या मजल्यावर आणि बिनलिफ्टचं. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली. माझा नवरा प्रकाश साताऱ्याकडचा. जावई-सासऱ्याचं जमायचं, फक्त एका बाबतीत नाही. बाबांना सुकट लागायची. सुकवलेली बारीक कोळंबी, तव्यावर भाजलेली आणि वर कांदा. आमच्या मजल्यावर सगळी शाकाहारी कुटुंबं आणि प्रकाशचं डोकं त्या वासानं चढतं. त्यामुळे मी लग्नापासून सुकट भाजत आले ती खिडक्या लावून, पंखा मोठा करून, चोरासारखी. तरीही दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारायचंच, की कुठून तरी वास येतोय का? मीही उत्तर द्यायचे, हो, मलाही येतोय. बाबांना हे कळल्यावर त्यांनी सुकट मागणं बंद केलं.

ते राहायला आले त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजले. डावा जास्त, उजवा कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज चालायलाच हवं. चालणं थांबलं तर हळूहळू उठणंही थांबेल, मग आपल्या हातात काही राहणार नाही." आता चालायचं तर पायात काही हवं आणि त्या पायांत बाजारातलं काहीच शिरेना. शेवटी मी दवाखान्याच्या शेजारच्या दुकानातून ती खास चप्पल आणली. काळी, फुगीर, वर चिकटपट्ट्या असलेली. बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं.

"ही आजारी मानसाची चप्पल हाय," ते म्हणाले. "मी नाय घालनार."

"बाबा, तू आजारी आहेसच."

"हाय ना. पन ते रस्त्यावरच्या सगळ्यांना कशाला सांगू?"

आमच्याकडे बापाला 'तू'च म्हणतात. लग्नानंतर सासरच्या वळणानं मी एकदा 'तुम्ही' म्हणून पाहिलं, तर बाबांनी मागे वळून बघितलं होतं, ही कोणाशी बोलतेय म्हणून. लिहिताना मात्र 'बाबा म्हणाले' असंच हातून उतरतं. बोलणं आणि लिहिणं यांत एवढा सासर-माहेरचा फरक राहणारच.

तर बाबांनी बाहेर जाणं सोडलं. गॅलरीतली खुर्ची, खालचं पार्किंग आणि शेजारी माझी मनी प्लँटची कुंडी, एवढ्यावर त्यांचे दिवस जायला लागले. कुंडी म्हणजे तळवलीच्या घरातली जुनी तांब्याची हंडी. आई गेल्यावर मी ती मागून आणली होती आणि लिंबू-मीठ लावून घासून चकचकीत ठेवली होती. येणारा प्रत्येकजण तिचं कौतुक करायचा. बाबा तिच्या काठावर कोपर टेकून बसायचे. त्यांचं बोलणं कमी होत गेलं. हाक मारली की 'हां' म्हणायचे आणि त्या 'हां'च्या पुढे काही यायचं नाही. मला भीती वाटायची. ऑफिसात बसल्या बसल्या मधेच वाटायचं, आत्ता घरी गेले तर बाबा त्याच खुर्चीत असतील, पण मला ओळखणार नाहीत.

चामडं माझ्या आयुष्यात त्याच सुमारास आलं आणि तेही काही थोर कारणानं नाही. ऑफिसचं टेन्शन डोक्यातून जाईना म्हणून मैत्रिणीनं एका छंदवर्गाला ओढत नेलं. तिथल्या बाई हातशिलाई शिकवायच्या. एकच धागा आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. आधी आरीनं चामड्याला ओळीनं भोकं पाडायची. मग डावीकडची सुई उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, दोन्ही एकाच भोकातून, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. मशीनची शिवण एका जागी तुटली की सरसर उसवत जाते. या शिवणीत एखादा टाका तुटला तरी बाकीचे आपापली जागा धरून राहतात. मला तो स्वभाव आवडला. पहिलं पाकीट इतकं वाकडं झालं की प्रकाशनं त्यात फक्त वीजबिलं ठेवली, तरी मी चिकटून राहिले.

नायलॉन-पॉलिस्टरच्या धाग्यावर बाईंचा राग होता. "चामडं कातडीतून आलेलं, धागाही कशातून तरी उगवलेला हवा," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या नादानं मी चार धागे मागवले. सुती, रेशमी, लिनन आणि हेम्प. आश्विनातल्या एका रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर चारी रिळं मांडून, मेणाची वडी घेऊन मी बसले. कोणता कुठे वापरायचा ते ठरवायचं होतं.

सुती धागा गरीब स्वभावाचा. बोटाला मऊ, म्हणाल तिकडे वळतो, मेण लावलं की निमूट पिऊन घेतो. पण ओढ बसली की लांबतो आणि भोकाच्या कडेला घासून त्याला लव सुटते. रेशमी दिसायला देखणा आणि वाटतो त्याहून ताकदवान, पण गाठीत राहायला तयार नाही. मी गाठ मारायची आणि तो सावकाश तिच्यातून बाहेर यायचा. घामाशीही त्याचं पटत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. लिनन म्हणजे जवसाच्या दांड्याचा धागा. सरळ, घट्ट, अधूनमधून एखादी बारीक गुठळी, मेण लावलं की तारेसारखा ताठ. ओला झाला तर हा कमकुवत होत नाही, उलट आणखी धरतो. ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो त्याच जवसाचा हा धागा, हे कळल्यावर प्रकाशनं तो हातात घेऊन कौतुकानं बघितला.

"म्हणजे आमच्या बाजूचा धागा की हा," तो म्हणाला.

चौथा हेम्प. खरखरीत, केसाळ, रंग मळका आणि वास ओल्या गोणपाटाचा. मी त्याचं टोक मेणावरून ओढत होते, तेवढ्यात मागून भिंतीला धरत धरत बाबा आले. एवढं अंतर ते आपणहून चालत आल्याला बरेच दिवस झाले होते. त्यांनी रीळ उचललं, हुंगलं. टोक दातांनी सोडवलं, जिभेनं ओलं केलं आणि दोन बोटांत चोळलं.

"ह्यो ताग हाय," ते म्हणाले.

"पाकिटावर हेम्प लिहिलंय."

"लिहू दे. ताग हाय."

आणि मग ते बसले आणि बोलायला लागले. इतके दिवस अडलेलं एकदम. त्यांच्या लहानपणी नायलॉन नव्हतं. जाळी तागाची आणि सुताची असायची आणि घरातल्या बायका तो धागा मांडीवर वळायच्या. खाऱ्या पाण्यात धागा कुजू नये म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळायची आणि त्या लाल पाण्यात जाळं बुडवायचं. दर काही दिवसांनी पुन्हा बुडवायचं. सालीच्या दिवशी सगळ्या गल्लीत तो तुरट वास आणि पोरांचे हात कोपरापर्यंत लाल. नायलॉन आल्यावर साल गेली. बाबांना नायलॉनचं वाईट वाटलेलं नव्हतं, उलट ते फार सोयीचं होतं, असंच ते म्हणाले. फक्त त्या वासाची आठवण येते, म्हणाले.

बोलता बोलता त्यांनी पायजमा गुडघ्यावर ओढला, तागाचे दोन पदर मांडीवर ठेवले आणि तळव्यानं सर्रकन वळून एक केला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि उघड्या दारातून बाबांची उघडी मांडी बघून तशाच परत गेल्या. विरजण त्यांनी नंतर फोन करून मागितलं.

चपला करायची कल्पना कोणाची होती हे आता सांगता येणार नाही. प्रकाश म्हणतो त्याची. मला वाटतं ती टेबलावरच कुठेतरी पडलेली होती आणि तिघांनी एकदम उचलली. मी बाबांचे पाय जाड कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखले. सुजलेल्या पायाची आकृती विचित्र दिसते, पोळी लाटताना बिघडल्यासारखी. त्या मापानं जाड चामड्याचे तळ कापले, वर दोन रुंद पट्टे, खाली चिकटवायला रबर. आता प्रश्न उरला धाग्याचा. घाम लागणार, पाणी लागणार, पायाचं वजन पट्ट्यावर येणार. सुती आणि रेशमी तिथेच बाद झाले. राहिले जवस आणि ताग. मी जवसाच्या बाजूची. बाबा म्हणाले, ताग, आणि तोही सालीत उकळलेला.

पनवेलला काष्ठौषधीचं एक दुकान आहे, तिथून मी ऐनाची साल आणली. दुकानदारानं विचारलं, "डायबिटीस आहे का कोणाला?" मी म्हटलं, "नाही, चपला शिवायच्यात." त्यानं साल तोलली आणि पैसे सांगितले.

साल उकळायला मोठं भांडं हवं होतं. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे प्रकाशची मटणाची लोखंडी कढई, साताऱ्याहून आलेली, जिला तो साबण लावू देत नाही. बाबांनी गॅससमोर खुर्ची मांडली. पाण्याला उकळी फुटली तसा तो वास घरभर झाला, तुरट, ओल्या लाकडाचा, थोडा चहाचा. ग्रुपवर लगेच आलं, की हे कसलं शिजतंय? या वेळी मी खरं खरं लिहिलं, की बाबांसाठी झाडाची साल उकळतेय. लोकांना काढा वाटला. काकूंनी तर कृती मागितली. धागा त्या पाण्यात भिजवून आम्ही रात्रभर कढईतच ठेवला.

सकाळी तो काळाकुट्ट निघाला.

बाबा तो उजेडात धरून बघत राहिले. "लाल यायला पायजे होता," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "काळा म्हंजे जास्त पक्का."

मी वर्गात बाईंना तो धागा दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, "लोखंडाच्या भांड्यात केलात का? साल आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते. पूर्वी शाई अशीच करायचे आणि त्या शाईनं कागद खाल्लेले असायचे. हा धागा आतून कुजणार." मी घरी येऊन बाबांना तसंच्या तसं सांगितलं.

"तुज्या बाईनी खाडी बघितली हाय का?"

"खाडीचा काय संबंध?"

"मंग? मी बघितली हाय."

वाद मिटेना. शेवटी प्रकाशनं तोडगा काढला आणि हा त्याचाच होता, याबद्दल वाद नाही. एका चपलेला जवस, एकीला ताग. कोणता आधी तुटतो ते बघू. बाबांचे डोळे चमकले. पैज म्हटल्यावर आमच्या गावचा माणूस मागे हटत नाही.

"माजा तुटला तर मी ती दवाखान्याची चप्पल घालीन, गपचूप," ते म्हणाले. "आनि बाय, तुजा तुटला तर घरात सुकट भाजाची. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून."

प्रकाशनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालेल."

कोणता धागा कोणत्या पायाला, हे बाबांनी ठरवलं. डाव्या पायात जवस, उजव्या पायात ताग.

शिवण आम्ही दोघांनी मिळून केली. भोकं मी पाडली. त्यांचे हात थरथरायचे, पण सुई आरपार गेली की ओढ मात्र अशी द्यायचे, की चामडं कुरकुरायचं. जवसाचे टाके माझे, पांढरट, सारखे. तागाचे त्यांचे, काळे, थोडे तिरके. खाली मुलं किल्ल्याच्या मातीवरून भांडत होती, कुठेतरी कुकर वाजत होता आणि आम्ही समोरासमोर बसून धागा ओढत होतो. लहानपणी मी त्यांच्याजवळ अशी बसल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ते खाडीवर तरी असायचे नाहीतर ड्युटीवर. बाप मला इतक्या उशिरा मिळाला आणि तो डायनिंग टेबलावर मिळाला. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला होता, एवढंच सांगते.

चपला पायात गेल्या आणि बाबा उठले. त्यांना चालायचं नव्हतं, धागा तुटायला हवा होता. माझा. पहिल्या दिवशी लिफ्टपर्यंत आणि परत. मग गेटपर्यंत, मग वाण्याच्या दुकानापर्यंत, मग बागेला एक चक्कर. नवं चामडं करकरायचं, त्यावरून ते कुठवर पोचलेत हे मला स्वयंपाकघरात कळायचं. परत आले की खुर्चीत बसून दोन्ही चपला मांडीवर घ्यायचे आणि टाक्यांवरून अंगठा फिरवायचे. माझ्या टाक्यांवरून जरा जास्त जोरात.

चालताना ते डाव्या पायावर भार टाकतात, हे प्रकाशच्या लक्षात आलं. डावा जास्त सुजलेला, म्हणून जपतील असं मला वाटलं होतं. पण त्या पायात माझा जवस होता ना. बाबा पाय आपटत होते. "सासरे चीटिंग करतायत," प्रकाश म्हणाला. मी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, डॉक्टरनी सांगितलंय दोन्ही पाय वापरा. डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

आता मागे बघताना मला त्या आश्विन-कार्तिकातल्या दुपारी एकात एक मिसळलेल्या दिसतात. ऊन भिंतीवर तापलेलं, गॅलरीत मेणाच्या वड्या मऊ पडलेल्या आणि खालून येणारी करकर. दिवाळीच्या फराळाला भाऊ आला. तो बाबांकडे बघतच राहिला. ते खांदेश्वरच्या मावशीकडे स्वतः जाऊन फराळाचा डबा देऊन आले होते, रिक्षेनं का होईना. पायांची सूज पूर्ण गेली नव्हती, ती पुढेही कधी गेली नाही. पण 'हां'च्या पुढे आता वाक्यं यायला लागली होती. धाग्यांचं मोल करायला बसले आणि आम्ही भलतंच काही तोलत होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला खरंच वाटायचं, की प्रश्न जवस आणि तागाचा आहे.

काळजीही होती. बाईंचं म्हणणं बरोबर आहे, हे मला दिसत होतं. उजव्या चपलेचे काळे टाके कोरडे पडत चालले होते. मी मेण लावून बघितलं, पण आतून कुजणाऱ्याला वरचं मेण काय करणार? त्यांचा धागा तुटला तर ते पुन्हा खुर्चीत बसतील, मनी प्लँटशेजारी. या वेळी कायमचे. माणूस हरण्यासारखं काही उरलेलं नसलं की सुखी असतो म्हणतात. मला वाटतं, तसा माणूस फक्त बसून असतो.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी ते खाडीकडच्या ट्रॅकवर गेले होते. तिथवर रिक्षा, पुढे चालत. प्रकाश सोबत होता. परत आले ते एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. उजवीचा पट्टा लोंबत होता. एक टाका तुटून भागलं नव्हतं, लागून असलेले सगळे भुगा होऊन गळले होते. बाबा माझ्याकडे न बघता आत गेले आणि खुर्चीत बसले. मी चहा दिला. तो त्यांनी घेतला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती कुठं हाय?"

"काय?"

"आजारी मानसाची चप्पल."

मी माळ्यावरून ती काढून दिली. त्यांनी चिकटपट्ट्या उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. चर्र चर्र आवाज करून बघितला. मग ती घातली, उभे राहिले आणि गॅलरीत गेले. मी दारात उभी राहिले. बाबा मनी प्लँटसमोर वाकले, दोन्ही हातांनी वेल मुळासकट उपटला आणि कट्ट्यावर ठेवला. मग हंडी तिरकी करून माती खाली ओतायला लागले.

"बाबा, काय करतोस?"

"हिच्यातच," ते म्हणाले. "माजी आई हिच्यात साल उकळायची. तांब्याच्यात. म्हनून लाल." ते हंडीच्या आत हात घालून माती खरवडत होते. "रोज हिच्यावर हात ठेवून बसतंय मी, आनि माज्या ध्यानात नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साल शिल्लक हाय का गो बाय?"

मी होय म्हटलं आणि आत जाऊन रडून आले.

त्या वेळी धागा लाल निघाला. पिकलेल्या चिंचेसारखा. दुसरा जोड शिवून होईपर्यंत बाबा दवाखान्याची चप्पल घालून चालले, ठरल्याप्रमाणे गपचूप, एक दिवसही न चुकता. नव्या जोडाच्या वेळी मी धाग्यांचे पाय बदलायला लावले. ताग डाव्या पायात, जवस उजव्या. "बदल," ते म्हणाले, "आता तांब्याचं हाय." पैज तीच ठेवली.

तो जोड त्यांनी वर्षानुवर्षं घातला. खालचं रबर झिजलं की स्टेशनबाहेरचा चांभार नवं लावून द्यायचा. चामडं काळवंडलं, पायाचा ठसा उमटला, करकर थांबली. धागे मात्र दोन्ही तेच. दर आश्विनात बुरशी पुसून झाली की आम्ही दोघं खिडकीशी बसून टाके तपासायचो. "तुजा सैल पडला," ते म्हणायचे. पडलेला नसायचा.

यंदा चैत्रात बाबा गेले. आदल्या संध्याकाळी बागेला चक्कर मारून आले होते. भावानं कपडे वाटून टाकले. गेलेल्या माणसाची पायताणं घरात ठेवू नयेत, असं काकू म्हणाल्या आणि मी हो म्हणून ती कपाटात ठेवली.

आज सगळं पुसून झाल्यावर मी तो जोड घेतला. हिरवा थर निघाला, खालून चामडं आलं. अंगठ्यानं टाके चाचपले. लाल ताग शाबूत. जवस शाबूत. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. एवढ्या कष्टानं आपण वस्तू टिकावी म्हणून शिवतो, पण हे टाके तुटायला हवे होते. आणखी चार-पाच वर्षं चालून चालून झिजायला हवे होते.

मी जाड पायमोजे घातले आणि त्या चपला चढवल्या. मोठ्या होतात, टाच मागे सरकते. प्रकाश पेपर वाचत होता, त्यानं वर बघितलं.

"कुठे?"

"खाडीपर्यंत. कोणीतरी पैज पुरी करायला नको का?"

"पडशील."

"नाही पडत."

दुपार कलली होती. लिफ्ट, गेट, वाण्याचं दुकान, बाग. जवस उजव्या पायात आहे. मी उजवा पाय जरा आपटून टाकते, दर पावलाला. बाबांचा धागा चांगला आहे, तांब्यातला आहे, माझाच आधी तुटेल. तुटला की घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि तवा तापवायचा. परत आले तेव्हा जवस शाबूत होता, पण ओट्यावर एक पुडी होती. प्रकाश तेवढ्यात बाजारात जाऊन सुकट घेऊन आला होता.